पावसाचा आकडा छापता, तसा ओलीचाही छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ऑक्टोबरात आपल्या पेपरच्या पहिल्या पानावर मथळा होता: जिल्ह्यात पावसाने सरासरी ओलांडली, रब्बीची चिंता मिटली. तुम्हाला लिहायचं म्हणून तो अंक मी जपून ठेवला होता. परवा येळवसीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, आमच्या घरातून नेमके त्याच अंकात बाजरीचे उंडे बांधून रानात आले. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली, अंबील पिऊन झाली, आणि उंडे सोडताना तो मथळा पुन्हा पुढ्यात आला. समोर पीक उभं होतं. दोन्हींचा मेळ बसेना, म्हणून शेवटी लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे. कापायचं झालं तर मधलं खुशाल कापा, शेवटच्या चार ओळी तेवढ्या राहू द्या.

मी मंगळवेढा तालुक्यातला. साडेसहा एकर रान आहे. वर चढाला अडीच एकर बरड, म्हणजे हलकं मुरमाड रान, मध्ये बांध, आणि बांधाखाली ओढ्यापर्यंत चार एकर काळं. बागायत म्हणावं असं काही नाही. विहीर आहे, ती फेब्रुवारीपर्यंत जनावरांचं भागवते. निवृत्तीनंतर शेती पूर्ण वेळ बघतो; त्याआधी सत्तावीस वर्षं मी पगार घेऊन माती भाजली. चेष्टा नाही. एका प्रयोगशाळेत मदतनीस होतो. रानातून आलेली ओली माती ॲल्युमिनियमच्या डबीत भरायची, वजन घ्यायचं, १०५ अंशांवर चोवीस तास ओव्हनमध्ये ठेवायची, परत वजन घ्यायचं. घटलं ते पाणी. साहेब बदलून येत-जात, मी आणि ओव्हन तिथंच. त्या डब्यांनी मला एक खोड लावली. अमुक इतका पाऊस पडला असं कुणी सांगितलं की माझ्या तोंडून निघतं, मुरला किती? आणि मुरलेल्यातला पिकाच्या वाट्याला किती?

यंदा माझ्या दोन्ही रानांवर एकच पाऊस झाला. वेगळा होईल कसा, मध्ये नुसता बांध आहे. पत्र्याचा सरळ उभा डबा मी मेढीला बांधलाय, त्यात पट्टी घालून मोजतो. उत्तरा आणि हस्त, दोन्ही नक्षत्रांनी डब्याला तक्रारीला जागा ठेवली नाही. पेरणी एकाच आठवड्यात केली, एकाच पाभरीनं, दोन्हीकडं मालदांडी ज्वारी. आज काळ्यातली ज्वारी माझ्या खांद्याला लागते, फुलोऱ्यात आहे. बरडातली कमरेपाशी येऊन थांबली. कणीस पोटरीत अडकलं ते अडकलंच, त्याला बाहेर ढकलायचं बळ ताटात उरलं नाही.

बरडात मालदांडी पेरली ही चूक माझीच, आधीच कबूल करतो. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा, भारी रानाला वसुधा किंवा यशोदा, असं कृषी विद्यापीठ किती वर्षं सांगतंय. ही वाटणी पावसावर केलेली नाही, मातीच्या खोलीवर केलेली आहे, हे लक्षात घ्या. वाण निवडायचा तो जमिनीत किती ओल मावते त्यावरून. पण घरचं बी शिल्लक होतं, पिशवीचे पैसे वाचत होते. घरातनं सूचना आली होती, "अवं, वरच्या तुकड्याला दुसरं बी आणा की." मी म्हणालो, यंदा पाऊस झालाय, चालतंय. म्हणजे तुमच्या मथळ्याला मीही फसलो.

आता मुद्द्याचं. सोलापूरकराला उजनी समजावून सांगावी लागत नाही. धरण ११७ टीएमसीचं, पण त्यातले ६३ टीएमसी मृतसाठा. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे, हे आमच्याकडं शाळेतलं पोरगंही जाणतं. उणे टक्क्यांत गेलं तरी पाणी दिसतच असतं. उपयोगाचे ते वरचे ५३-५४ टीएमसी. मातीचं हुबेहूब असंच आहे, फक्त तिची टक्केवारी कुणी छापत नाही. पाऊस थांबल्यावर, वरचं जादा पाणी निथळून गेल्यावर माती जेवढं धरून ठेवते ते तिचं भरलेलं धरण. आणि मुळांना काही केल्या ओढता येत नाही इतकं घट्ट जे मातीच्या कणांना चिकटून राहतं, तो मृतसाठा. पीक जगतं ते या दोहोंच्या मधल्या पाण्यावर.

काळ्या मातीचा मृतसाठा मोठा. कण इतके बारीक की पाण्याचा पापुद्रा त्यांच्या अंगाला बिलगून बसतो. हे मला ओव्हननं शिकवलं होतं, पण पटलं ते घरच्या तव्यावर. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत दोन्ही रानांतली ज्वारी माना टाकून उभी होती. सकाळीसुद्धा पानं सुटेनात. मी दोन्हीकडची वीतभर खालची माती आणली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर शंभर-शंभर ग्रॅम मोजली, आणि मंद आचेवर तव्यावर परतत बसलो. (भाकरीचा तवा नव्हे. तो प्रयोग एकदा केला होता, त्यावर घरात जे बोलणं झालं ते छापण्याजोगं नाही. आता माझा एक जुना फुटका तवा वेगळा आहे.) बरडातली माती भाजून ९५ ग्रॅम भरली. काळ्यातली ८१. म्हणजे काळ्या मातीत शंभरात एकोणीस ग्रॅम पाणी होतं, बरडाच्या जवळजवळ चौपट, आणि तरी तिच्यावरचं पीक बरडाइतकंच तहानलेलं. हातात घेतली तर ती माती गार लागत होती, मुठीत दाबली तर लाडू वळत होता. बांधावरून बघणारा म्हणाला असता, ओल आहे की. बरडाच्या मातीत शंभरात एकोणीस पाणी असतं तर तिथं ज्वारी माजली असती.

म्हणून "ओल आहे" एवढ्यानं भागत नाही. कुठल्या मातीत आणि किती खोलवर, हे विचारावं लागतं.

खोलीचा हिशेब सोपा आहे, कुणीही करावा. भारी काळ्या जमिनीत एक मीटर खोलीला पिकाला घेता येईल असं पाणी साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर मावतं. दीडशे धरा. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. दीडशे मिलिमीटर म्हणजे सहा लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एकरी साठ टँकर, वीजबिल नाही, मोटर जळायची भीती नाही. आमच्या काळ्या शिवारात हस्ताचा पाऊस नीट मुरला की पुढं थेंब नाही पडला तरी शाळू येतो तो या साठ टँकरवर आणि थंडीवर. दामाजीपंतांनी ज्या गावात कोठारं उघडली त्या गावच्या ज्वारीला आज भौगोलिक मानांकन आहे, ते याच ओलीचं देणं. आणि माझ्या बरडात? वीतभर माती, खाली मुरूम. तिथं जेमतेम पंचवीस-तीस मिलिमीटर मावतं. ऑक्टोबरच्या उन्हात पीक आणि माती मिळून दिवसाला चार-पाच मिलिमीटर उडवतात. आठवडाभराची बेगमी. वरून दोनशे पडू द्या नाहीतर चारशे, भांडं तेवढंच. बाकीचं बांध फोडून ओढ्याला.

पण काळी जमीन म्हणजे सगळं छान, असंही नाही. जूनमध्ये कधी आमच्या गावात या. दहा-बारा मिलिमीटरचा वळीव झाला की आठ दिवसांत माळ हिरवा दिसायला लागतो. कुसळी उठते, पवन्या फुटतो, हिवराला पालवी येते. तरवड तर पाऊस नसतानाही पिवळा फुललेला असतो. नान्नजकडच्या माळढोकाच्या माळावरही हेच बघायला मिळतं. आणि शेजारचं काळं रान काळंच. लहानपणी मला हे कोडं होतं. श्रीमंत जमीन गप्प आणि भिकारी माळ हिरवा. वडिलांना विचारलं तर ते म्हणायचे, "काळीचं पोट मोठं हाय, तिला एवढ्याशानं काय हुतंय."

त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते पुढं मला डब्यांत सापडलं. कोरड्या काळ्या मातीवर दहा मिलिमीटर पडलं तर वरचा इंच-दीड इंचच ते सगळं पिऊन टाकतो. खाली काही जात नाही. दोन दिवस ऊन पडलं की तो इंचही सुकतो, आणि पाऊस पडला होता हे फक्त तुमच्या पेपरात उरतं. मुरमाड रेताड मातीत तेच पाणी चार बोटं खाली उतरतं, उन्हाच्या हाताबाहेर. गवताची मुळं तिथंच झुबक्यानं बसलेली असतात, ती उचलून घेतात. लहान लहान सरींच्या वर्षी माळ काळ्यापेक्षा बरा दिसतो तो यामुळं. मोठा, सावकाश, मुरवणीचा पाऊस झाला की मग काळीची पाळी. म्हणून महिन्याची बेरीज फसवी. दहा-दहाच्या दहा सरी आणि शंभराची एक झड, दोन्हीची बेरीज शंभरच येते, पण एकात काळ्याला काही मिळत नाही आणि दुसऱ्यात बरडाला काही ठेवता येत नाही. शिवाय शंभर मिलिमीटर एका रात्रीत कोसळलं तर काळ्यालाही झेपत नाही. पहिल्या पावसात उन्हाळ्यातल्या भेगांतून पाणी घळाघळा खाली जातं ते खरं, पण माती फुगून भेगा एकदा मिटल्या की वरून पाणी आत घ्यायला तिला तासन् तास लागतात. यंदा एका रात्री माझ्या डब्यात ७० मिलिमीटर भरलं. सकाळी बघतो तर ओढा काळा होऊन वाहतोय. ते माझंच रान होतं.

शेजारच्या रानात मात्र पाणी जागच्या जागी होतं. त्या पोरानं, चुलतभावाचाच मुलगा तो, जुलैमध्ये नुसते वाफे बांधून ठेवले होते. मी त्याला हसलो होतो. खरिपात पडीक ठेवलेल्या रानात वाफे कशाला, असं म्हणालो होतो. आता तो मला "आण्णा, या की हुरड्याला" म्हणतोय, आणि जावं तर लागणारच.

झाडाच्या अंगानं बघितलं तर आणखी मजा आहे. ज्वारीला मुळांचे दोन संच असतात. बी रुजतं तेव्हा फुटलेली मुळं सरळ खाली जातात. तीन आठवड्यांच्या सुमाराला बुडख्यातून जाड मुळांचा दुसरा घेर सुटतो, ताटाला तोलून धरणारा. या मुळांना वरच्या चार बोटांत ओल लागते. नसेल तर ती बोटभर बाहेर येतात, टोकं वाळतात, थांबतात. पीक मरत नाही, वरून हिरवं दिसतं, खालच्या ओलीवर जगतं. पण बुड कच्चं राहतं आणि डिसेंबरात वारं सुटलं की आडवं होतं. मग आपण वाऱ्याला शिव्या देतो. पेरल्यानंतर पंधरा दिवसांनी एक भुरभुर सर झाली तर जुने लोक खूश व्हायचे. पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती, असं म्हणायचे. त्या सरीनं जमिनीचं पोट भरत नाही, पण या मुळांना रस्ता मऊ होतो.

ओल कमी पडायला लागली की ज्वारी आधी कारभार आवरते. नवीन पानं अरुंद काढते, दुपारी पानांची सुरळी करते, देठावर पांढरट मेणचट लव आणते. मुळं मात्र खाली सोडत राहते. थांबून राहायची कला तिच्याइतकी मक्याला नाही. मालदांडी तर याच कलेसाठी निवडलेली. मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून एम ३५-१ निवडली गेली, ती आजही लोक पेरतात. पण कलेलाही हद्द असते. दाणे भरताना ओल संपली तर ताट स्वतःचं अंग खाऊन कणीस भरायला बघतं, बुडातून पोकळ होतं, आणि काळी बुरशी आत शिरते. आमच्याकडं त्याला खडखड्या म्हणतात. हातानं हलवलं तर आतून वाळल्या शेंगेसारखा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी रान झोपलेलं.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीत माझं तेच झालं. चार एकरांतली अर्धी ज्वारी झोपली. नुकसान सांगायला एका कार्यालयात गेलो. तिथल्या मुलानं अदबीनं बसवलं, पाणी दिलं, संगणक बघितला आणि म्हणाला, "काका, तुमच्या मंडळात तर पाऊस शंभर टक्क्यांच्या वर दिसतोय." मी म्हणालो, पाऊस होता, ओल नव्हती. तो म्हणाला, तसा रकाना नाही. त्याच्यावर माझा राग नाही, रकाना नव्हता हे खरंच आहे. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक माझ्या रानापासून नऊ किलोमीटरवर. तिथं पडलेलं पाणी तिथंच मोजलं जाणार. आणि तेही पडलेलं, मुरलेलं नव्हे. गंमत बघा, केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पाऊस आणि पिकाच्या हिरवेपणाबरोबर जमिनीतली ओल हाही एक निर्देशक धरला आहे. म्हणजे वर दिल्लीत ती गोष्ट मान्य आहे. खाली गावात येईपर्यंत ती कुठं मुरते कोण जाणे.

आणि हे ज्ञान परदेशातून आणायचं आहे असंही नाही. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सोलापुरात १९३३ पासून आहे. कानिटकरांसारख्या शास्त्रज्ञांनी त्या काळात इथल्याच मातीत ओल मोजली. बांध घाला, खोल नांगरा, शेणखत द्या, बी विरळ पेरा, कोळपत राहा, हे सगळं त्या ओलीच्या हिशेबातून निघालं. विरळ पेरा याचा अर्थच असा की साठ टँकरवर किती तोंडं बसवायची ते आधी ठरवा.

कोळपणीचं तर काय सांगू. तीन आठवड्यांनी फटीचं कोळपं, पाच आठवड्यांनी अखंड पासेचं, आठ आठवड्यांनी दातेरी. आजकालची पोरं तण नाही म्हणून कोळपत नाहीत. तणासाठी पहिली दोन; तिसरी भेगांसाठी. काळी सुकताना आकसते आणि भेगाळते. गेल्या वर्षी येळवसीच्या सुमाराला मी एका भेगेत सुतळीला खडा बांधून सोडला. सव्वादोन फूट गेला. म्हणजे ऊन आणि वारा सव्वादोन फुटांवरच्या ओलीला थेट भिडत होते, आणि त्या भेगेच्या दोन्ही कडांना ज्वारीची तुटलेली मुळं दोऱ्यासारखी लोंबत होती. दातेरी कोळप्यानं वरची दोन बोटं माती भुसभुशीत केली की ती भेगेत पडते, तोंड बुजतं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, ही म्हण उगीच नाही. ते अर्धं पाणी आभाळातून येत नाही, आहे तेच जायचं थांबतं.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर माझं मलाच चुकल्यासारखं होईल. चार वर्षांपूर्वी वरच्या आळीतल्या एकानं नदीवरून पाइपलाइन नेली. ती माझ्या काळ्या रानातून तिरकी गेली. जेसीबीनं तीन फुटांची चर खणली, पाइप टाकला, माती परत लोटली. भांडण झालं, भरपाई म्हणून एक पोतं गहू मिळाला, विषय संपला. त्यानंतर दरवर्षी त्या चरीवरची ज्वारी बाकीच्या रानापेक्षा फूटभर उंच येते. पाइप गळतोय असं मला आधी वाटलं. पाइप गळत नाही, दोनदा उकरून बघितला. माती एकदा खोलवर सैल झाली, तिथं पाणी लवकर उतरतं, मुळं सैल जागेतून खाली जातात, बस्स. बांधावर उभं राहिलं की रानात हिरव्या शाईनं तिरकी रेघ मारल्यासारखी दिसते. आणि तिला आडवी दुसरी रेघ आहे खुरटी, पिवळी. ती शाळेत जाणाऱ्या पोरांची जुनी पायवाट. दोन वर्षांपूर्वी ती मोडून पेरलं, तरी दाबलेली माती पाणी घेत नाही. एवढं स्पष्ट जमिनीनं लिहून दिलेलं असताना आपण टक्केवारी कागदावर शोधतो.

तर माझी मागणी. तुम्ही रोज उजनी छापता, ती छापाच. पाऊस छापता, तोही छापा. त्याच्या शेजारी सोमवारी एक लहानसा रकाना द्या: ओल. फार गावं नकोत. भारी, मध्यम, हलकं, अशा रानांतली पाच-सहा ठिकाणं जिल्ह्यात निवडा. यंत्रं लागत नाहीत. ओलीला दोन कडा असतात. पेरणीच्या वेळी बघायची ती खालची कड, म्हणजे ओल कुठवर उतरली. त्याला मी दहा एमएमची सळई वापरतो, वर आडवी मूठ वेल्डिंग करून घेतलेली, टोकाला छर्रा. ओल असेतो ती हाताच्या दाबानं उतरते. कोरड लागली की मुकाट थांबते, वर उभं राहिलं तरी हलत नाही. दगड लागला तर खर्र वाजतं, तो फरक दोन दिवसांत कळतो. बरडात सळईचा उपयोग नाही, तिथं पहारीनं उकरूनच बघावं. पुढं नोव्हेंबरपासून बघायची ती वरची कड, म्हणजे उकरत गेल्यावर ओल कुठं सुरू होते. ती दर आठवड्याला खाली सरकते. माझ्याकडं काळ्यात ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला चार बोटांवर होती. पिकाची मुळं तिच्यामागं खाली पळत असतात. या दोन कडांमध्ये किती अंतर राहिलं, तेवढे दिवस पिकाचे.

हे दोन आकडे छापून येतील तर ज्याच्याकडं विहिरीत पाणी आहे त्याला पन्नास-पंचावन्नाव्या दिवशी एक संरक्षित पाणी द्यायचं की थांबायचं, हे ठरवता येईल. ज्याच्याकडं नाही त्याला निदान ओळी विरळायच्या की कडब्यासाठी लवकर कापायचं, ते कळेल. आणि कार्यालयातल्या त्या मुलाला पेपर दाखवता येईल. कापण्यावरून एक सूचना: ओलीविना खुरटलेली कोवळी ज्वारी हिरवी जनावराला घालू नका, तिच्यात विष धरतं. वाळवून मगच.

माझं रान तुम्ही त्या पाच-सहांत धरा, आकडे मी दर रविवारी संध्याकाळी फोनवर देईन. या रविवारचे खाली देतो.

काळं रान: ओल एक फुटावर सुरू, पावणेतीन फुटांवर संपते. फुलोरा. दुपारी पानं वळतात, दिवे लागणीला सुटतात.

बांधाची वरची बाजू, पाणी तुंबलेली पट्टी: ओल आठ इंचांवर सुरू, तीन फूट उकरलं तरी ओलच. पीक माझ्या डोक्यावर.

पाइपलाइनची चर: ओल दहा इंचांवर सुरू, खालची कड सापडली नाही, पाइप आडवा आला.

बरड: ओल नाही. ज्वारी कापून बांधावर वाळत टाकली आहे.

आपला,
एक वर्गणीदार, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)